दाराबाहेर बसलेले आईबाप

पाठ : १ इतिहास २५:१-८, १ इतिहास २३:५, १ शमुवेल १७:३८-४०, कलस्सैकरांस ३:२१



ह्या पाठाचा आरंभ मला एका कबुलीने करावा लागत आहे. काही वर्षांपूर्वी जबलपुरातील एका संगीत परीक्षेच्या केंद्राबाहेर, व्हरांड्यातील बाकावर, मी दीड तास बसून होतो. माझी थोरली कन्या तेव्हा दहा वर्षांची होती आणि आत तिची गायनाची प्रात्यक्षिक परीक्षा चालली होती. दार लावलेले होते, पण आवाज बाहेर येत होता. मंडळीत मी बरीच वर्षे पेटी वाजवीत आलो आहे. त्यामुळे कान तयार झालेला, आणि त्या कानाचा थोडा अभिमानही. तिने काफी राग गायिला. काफीत गंधार व निषाद हे दोन स्वर कोमल. तिचा गंधार दोन वेळा किंचित चढला, आणि मी बाहेर बसून तो मोजला. दार उघडले, लेकरू धावत आले, आणि ते काही बोलण्यापूर्वीच माझ्या तोंडून शब्द निघाले, “गंधार दोनदा चढला तुझा.”

ती काहीच बोलली नाही. स्कूटरवर मागे बसून मुकाट्याने घरी आली. पुढे निकाल लागला, प्रथम श्रेणी मिळाली, शेजारीपाजारी पेढे वाटले. परंतु त्या दिवसापासून तिने घरात गुणगुणणे सोडले. शब्बाथशाळेतही ती इतर मुलांबरोबर नुसते ओठ हलविते, असे तिच्या शिक्षिकेने सांगितले तेव्हा ते माझ्या ध्यानी आले. जवळजवळ सात महिने आमच्या घरात गाणे नव्हते.

कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात पौल बापांना जो इशारा देतो, तो ह्या प्रसंगानंतर मी पुन्हा वाचला. त्याला मुले उद्धट होतील ही भीती नाही. मुलांची उमेद खचेल, मन विझेल, ही भीती आहे. मूळ ग्रीक शब्दाचा रोख तिकडेच आहे. आश्चर्य असे, की हा इशारा आईबापांच्या दुष्टपणाविषयी नसून त्यांच्या अति काळजीविषयीही तितकाच लागू पडतो. मी दुष्टपणाने काहीच बोललो नव्हतो. माझे निरीक्षण तर अगदी बरोबर होते!

बापाच्या हाताखाली

आता १ इतिहासाचा २५ वा अध्याय उघडा. नावांची लांबलचक यादी म्हणून आपण तो बहुधा ओलांडून जातो. दावीद राजाने परमेश्वराच्या मंदिरातील गायनवादनाची व्यवस्था लावून दिली, तिची ही नोंद आहे. आसाफ, हेमान व यदूथून ही तीन घराणी. त्यांत हेमानाला चौदा पुत्र व तीन कन्या होत्या, असे पाचवे वचन सांगते, आणि लगेच पुढचे वचन म्हणते की हे सर्व गायनासाठी आपल्या बापाच्या हाताखाली होते. ‘सर्व’ ह्या शब्दात त्या तीन मुलींनाही धरावे, असे मला वाटते. नाहीतर त्यांची संख्या तेथे देण्याचे कारण काय?

हाताखाली असणे म्हणजे काय, याचा विचार करा. परीक्षक समोर बसतो. श्रोतेही समोर बसतात. ज्याचा हात लेकरापर्यंत पोहोचतो, तो मात्र शेजारी असतो. हेमानाच्या मुलांचे गाणे कोणी तपासले असेल नसेल, पण बाप त्यांच्या शेजारी उभा राहून स्वतः गात होता, एवढे निश्चित. मी त्या दिवशी बाकावर बसलो होतो तो बापाच्या जागी नव्हे. आत एक परीक्षक असताना मी बाहेर दुसरा परीक्षक होऊन बसलो होतो.

सातव्या वचनात निपुण गायकांची संख्या २८८ दिली आहे, म्हणजे प्रत्येकी बारा जणांचे चोवीस वर्ग. त्यांचा क्रम कसा ठरला? आठवे वचन सांगते की चिठ्ठ्या टाकून. लहान व मोठा, गुरू व शिष्य असा भेद न करता. निपुणतेची कदर तेथे होती, कारण ‘निपुण’ हा शब्दच तेथे आहे, आणि वाद्य कुशलतेने वाजविण्याची आज्ञा ३३ व्या स्तोत्रातही आहे. म्हणून “देवासाठी गायचे आहे, कसेही गाइले तरी चालेल” हे म्हणणे शास्त्राला धरून नाही. परंतु निपुणतेवरून मानाची जागा मात्र वाटली गेली नाही.

आणखी एक संख्या पाहा. दोनच अध्याय मागे, २३:५ मध्ये, वाद्यांच्या साथीने परमेश्वराचे स्तवन करणारे लेवी ४,००० होते असे लिहिले आहे. चार हजारांत निपुण २८८. उरलेल्यांना कोणी घरी पाठविले नाही. आपले मूल त्या २८८ मध्ये असावे अशी इच्छा बाळगण्यात पाप नाही. पण बहुतेक मुले चार हजारांतली असतात, आणि त्यांनाही मंदिरात जागा होती हे आईबापांनी ध्यानात घेतले, तर घरातले अर्धे रडणे थांबेल.

तीन भाषांचे लेकरू

जबलपुरात मराठी कुटुंबे का व कशी आली, हे येथील जुन्या मंडळींना ठाऊक आहे. १८७० साली मुंबईकडून येणारा लोहमार्ग येथे कलकत्त्याकडच्या मार्गास मिळाला. १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिला. शिवाय १९५६ पर्यंत नागपूर व जबलपूर एकाच प्रांतात होते. नोकरीनिमित्त आलेली घरे नर्मदेकाठी रुजली. त्यांतील ख्रिस्ती घरांतले मूल आज घरी मराठीत प्रार्थना करिते, मंडळीत हिंदी भजने गाते, शाळेत इंग्रजी गीते म्हणते. अशा लेकराला संगीत शिकविताना एक गोष्ट आपण विसरतो : ते एकाच वेळी तीन घरांचे गाणे वाहत असते, आणि थकलेले असते.

शास्त्रीय गायनाची लेखी परीक्षा येथे बहुधा हिंदीत द्यावी लागते. मुलगा कुरकुरला, तर त्याला एवढे सांगा की पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी आपला ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा चार भागांचा ग्रंथ मूळ मराठीतच लिहिला होता. जे दहा थाट तो हिंदीत पाठ करीत आहे, त्यांचे विवेचन आधी त्याच्या आईच्या भाषेत झालेले आहे. जबलपुरात त्यांच्या नावाचे संगीत महाविद्यालयही आहे.

बदलीच्या नोकरीतील पालकांसाठी येथेच एक व्यावहारिक सूचना. महाराष्ट्रात पुष्कळ मुले अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देतात. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर १९३१ साली वारल्यावर त्यांच्या शिष्यांनी हे मंडळ स्थापिले. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम व पूर्ण, मध्यमा प्रथम व पूर्ण, विशारद प्रथम व पूर्ण, आणि त्यापुढे अलंकार, अशा त्याच्या पायऱ्या आहेत. उत्तरेकडे प्रयाग संगीत समितीच्या किंवा विद्यापीठांच्या परीक्षा असतात, त्यांची नावे व अभ्यासक्रम वेगळे. शिवाय स्वरलिपीही बदलते. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी खाली टिंब व तार सप्तकासाठी वर टिंब. पलुस्कर पद्धतीत खुणा निराळ्या. मिरजेहून वा पुण्याहून आलेले मूल येथे एकाएकी “चुका” करू लागले, तर त्याच्यावर रागावण्यापूर्वी त्याची वही उघडून पाहा. चूक बहुधा लिपीची असते, आणि दोनतीन आठवड्यांत ती सुटते.

बंदिशीतील शब्द

आता ज्या प्रश्नावर आपल्या मंडळ्यांत हळू आवाजात बोलले जाते, तो उघडच घेऊ. ख्रिस्ती मूल शास्त्रीय संगीत शिकावयास जाते, आणि बंदिशीत कृष्ण-राधा येतात. कोठे वर्गाचा आरंभ वंदनेने होतो. काही पालक ह्याच कारणाने मुलास वर्गातून काढून घेतात. काही जण काहीच न बोलता मुलाला एकट्यालाच त्याच्या शंकेबरोबर सोडतात. हे दुसरे मला अधिक वाईट वाटते.

माझे मत असे. राग ही कोणत्याही एका धर्माची मालमत्ता नाही. ज्या बंदिशी आज वर्गात शिकविल्या जातात, त्यांतील किती तरी मुसलमान उस्तादांच्या घराण्यांतून आलेल्या आहेत. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांनी मिरजेत राहून ज्यांना घडविले, त्या शिष्यांत हिंदू पुष्कळ होते. शब्द वेगळ्या श्रद्धेचे असले तरी स्वरांची विद्या एकमेकांच्या हातून घेण्याची रीत ह्या देशात जुनी आहे. तरीही लेकराचे मन अडखळत असेल, तर त्या अडखळण्यास हसू नका. गुरुजींना स्वतः भेटा, जोडे बाहेर काढून, आदराने. सरगमगीतात केवळ स्वरांची नावे असतात. लक्षणगीतात रागाची लक्षणे सांगितलेली असतात. तराण्यात तर अर्थ असलेले शब्दच नसतात. आणि ऋतूंच्या बंदिशी विपुल आहेत. परीक्षेच्या नियमांत बसेल तेथे गुरुजी पर्याय देतात, असा माझा अनुभव आहे. वंदनेच्या वेळी मूल शांत, हात बांधून उभे राहिले तर कोणाचाही अपमान होत नाही. गुरूला नमस्कार करणे मात्र त्याला अवश्य शिकवा. तो माणसाचा मान आहे.

आणि मुलाला आपल्याच घरातील इतिहास सांगा. अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) कृष्णराव सांगळ्यांनी कीर्तनाचे रूप घेऊन ख्रिस्ताची कथा सांगितली. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंगाची व भजनाची चाल आपल्या उपासनेत आणली. ‘उपासना संगीत’ हे पुस्तक ज्या घरात आहे, त्या घराला ह्याहून अधिक पुरावा नको. टाळ-मृदंग टाकून द्यावे असे त्यांना वाटले नाही. राजनांदगावकडे जाणाऱ्या ज्या आगगाडीत एका अपरिचित गोऱ्या माणसाने टिळकांच्या हाती नवा करार दिला, त्या राजनांदगावाजवळच खैरागड आहे. तेथील राजा वीरेंद्र बहादुर सिंह व राणी पद्मावती देवी यांनी १९५६ साली संगीत विद्यापीठासाठी आपला राजवाडा दिला आणि त्यास आपल्या दिवंगत कन्येचे, इंदिरेचे, नाव ठेविले. संगीत शिकणाऱ्या मुलांच्या आईबापांनी ही गोष्ट एकदा तरी आठवावी.

घरचा सराव

लहान मुलाला रोज वीस मिनिटे पुरतात; पण ती रोजची हवीत. रविवारी दोन तास बसवून आठवड्याची भरपाई होत नाही. संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेच्या आधीची वेळ आमच्या घरी जमली. तुमच्या घरी सकाळ जमेल. तानपुरा नसला तर मोबाईलवरचा चालेल, फक्त स्वर मुलाच्या गळ्याचा लावा.

ह्या शेवटच्या वाक्याशी थोडे थांबतो. मंडळीत पेटी वाजविणारे आम्ही लोक मोठ्या पुरुषांच्या सोयीने काळी एक वा पांढरी दोन धरून बसतो, आणि नऊदहा वर्षांच्या मुलीला त्याच पट्टीत गायला लावतो. तिला काळी चार किंवा पाच हवी असते. मग खर्जात तिचा आवाज बुडतो, आणि आम्ही म्हणतो, “जोर नाही.” शौलाने दावीदाला आपले चिलखत घातले, तेव्हा दावीदाला त्यात चालता येईना. त्याने ते उतरवून ठेविले, आणि शौलाने, इतर बाबतींत काहीही असो, ते उतरवू दिले. बापाची पट्टी हे मुलाच्या अंगावरचे चिलखत आहे. बारा ते चौदा वर्षांच्या सुमारास मुलांचा आवाज फुटतो, तेव्हा तर विशेष जपावे. त्या वर्षी परीक्षेचा हट्ट नको. पट्टी खाली आणावी, गायन थोडे कमी करावे, हवे तर एक वर्ष तबल्याकडे वळवावे. आवाज गेला असे समजून रडणारी मुले मी पाहिली आहेत. हा काळ सर्वांचाच येतो, एवढे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

शेजारी बसण्याचा एक सुंदर नमुना योहान सेबास्तियन बाख ह्याचा आहे. त्याचे स्वतःचे आईबाप तो दहा वर्षांचा होईतो वारले. थोरल्या भावाने त्याला वाढविले. पुढे १७२० साली आपला नऊ वर्षांचा मुलगा विल्हेल्म फ्रीडेमान याच्यासाठी त्याने एक वही सुरू केली. आरंभी स्वरांची व अलंकारांची ओळख, मग एक छोटी रचना, तीवर कोणते बोट कोठे ठेवावे याचे आकडे बापाच्या हातचे, आणि त्या रचनेच्या माथ्यावर ‘येशूच्या नावाने’ ह्या अर्थाची लॅटिन आद्याक्षरे. एवढा मोठा संगीतकार, पण मुलासाठी लहान पायरी स्वतः घडवीत बसला. आपल्याला रचना करता येत नसेल. पण आठ ओळींतील दोनच ओळी आज घेऊ, हे ठरविता येते.

परीक्षा

परीक्षा वाईट नाही. तिच्यामुळे वर्षाला शेवट मिळतो, राहिलेले पाठ पूर्ण होतात, आणि अपरिचित माणसासमोर शांतपणे उभे राहण्याची सवय लागते. पण ती त्या वीस मिनिटांतले गाणे मोजते, लेकराला मोजीत नाही.

पियानो, कीबोर्ड वा व्हायोलिन शिकणारी आपली मुले लंडनच्या संस्थांच्या श्रेणी-परीक्षा देतात. पुष्कळ पालकांना गुणांची रीत ठाऊक नसते म्हणून सांगतो. ट्रिनिटीच्या परीक्षेत १०० पैकी ६० ला उत्तीर्ण, ७५ ला मेरिट, ८७ ला डिस्टिंक्शन. असोसिएटेड बोर्डाच्या परीक्षेत १५० पैकी १००, १२० व १३०. ह्या दुसऱ्या परीक्षेच्या प्रात्यक्षिकात तीन रचनांना प्रत्येकी ३०, स्वरसप्तकांना २१, न पाहिलेले स्वरलेखन वाजविण्यास २१ आणि कर्णपरीक्षेला १८ गुण असतात. एखाद्या भागात मूल कच्चे राहिले तरी एकूण गुणांवर ते उत्तीर्ण होऊ शकते. तेव्हा “सप्तक चुकले, आता सारे संपले” असे त्याला वाटू देऊ नका. २०२० पासून ह्या दोन्ही संस्था चित्रफीत पाठवून द्यावयाच्या परीक्षाही घेतात. लहान शहरांतील मुलांना ती मोठी सोय झाली आहे. मात्र चित्रफीत घेताना बापाने “पुन्हा एकदा” असे सतराव्यांदा म्हणू नये. तिसऱ्या वेळेनंतर गाणे सुधारत नाही, फक्त लेकरू थकते.

परीक्षेच्या दिवशी हलके खाणे, वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचणे, ओळखपत्र व प्रवेशपत्र आईबापांच्या पिशवीत. दारापाशी नवा उपदेश नको. एक छोटी प्रार्थना पुरे, आणि तीही पहिल्या नंबरासाठी नव्हे. दहावीचे वर्ष आले की गाणे सरसकट बंद करण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही. परीक्षा पुढे ढकला, वर्ग आठवड्यातून एक करा, पण रोजची दहा मिनिटे राहू द्या. मोठ्या अभ्यासात मुलाला श्वास घ्यावयास ती जागा लागते.

आणि मंडळीतील कार्यक्रम. नाताळच्या संध्याकाळी चिमुकल्यांना व्यासपीठावर ढकलून, रडत असतानाही “गा, गा” म्हणणारे आपण सर्वजण आहोत. जे मूल एकटे उभे राहण्यास भिते, त्याला तिघांमध्ये उभे करा. ओळ विसरली तर पेटीवाल्याने तीच ओळ पुन्हा वाजवावी, म्हणजे कोणाला कळतही नाही. घरी आल्यावर शेजारच्या मुलीचे गाणे किती छान झाले, हे त्या रात्री तरी बोलू नये. आसाफाच्या घराण्यात व हेमानाच्या घराण्यात अशी तुलना झाली असती, तर चिठ्ठ्या टाकण्याचा उपयोग काय झाला असता?

माझ्या कन्येचे पुढे काय झाले, हे तुम्ही विचाराल. एका संध्याकाळी मी तिची क्षमा मागितली. बापाने मुलीची क्षमा मागण्याची आमच्या घरी रीत नव्हती. मला शब्द सापडेनात. तिने ऐकून घेतले, मान हलविली, आणि उठून गेली. गाणे त्या दिवशी परत आले नाही. दोन आठवड्यांनी प्रार्थनेच्या आधी ती पेटीजवळ येऊन म्हणाली, “बाबा, तुम्ही नुसता सा आणि पंचम धरा. दुसरे काही वाजवू नका.” मी काळी चारचा सा धरला. ती गात राहिली. गंधार कसा लागला, ते मला आठवत नाही.

पुढल्या वर्षी तिने दुसरी परीक्षा दिली. मी पुन्हा त्याच बाकावर होतो. ह्या वेळी लहान मुलाला गोष्टीचे पुस्तक वाचून दाखवीत होतो, म्हणजे कान दाराकडे जाऊ नये. ती बाहेर आली तेव्हा मी विचारले, “भूक लागली का?” कमानिया गेटाकडे जाऊन आम्ही तिघांनी खोव्याची जिलबी खाल्ली. अर्धी जिलबी संपल्यावर तिने आपण होऊनच सांगितले, “बाबा, तराण्यात एकदा चुकले मी, पण सम बरोबर आली.”